लाखाची अट

यवतमाळला १९७३ साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. त्यांचे नाव घेताच ‘गीतरामायण’ आठवते. राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’चा (१९५२) पटकथाकार मात्र मागे राहतो. वास्तविक त्या खेळकर चित्रपटात एका मोठ्या सामाजिक बदलाची नोंद आहे.

देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) कांचनभट पैशासाठी कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. ते लग्न मोडते तेही सगोत्रतेच्या कारणाने. शारदेची नापसंती त्याला पुरत नाही. अर्ध्या शतकानंतर ‘लाखाची गोष्ट’मध्ये मुलीने जोडीदार स्वतःच निवडलेला असतो. श्रीमंत बाप तिच्या गरीब प्रियकरापुढे अट ठेवतो : महिन्याभरात लाख रुपये खर्च करून दाखव! लग्नाच्या व्यवहारात पैसा अजून आहेच. पण तो आता उलट्या दिशेने वाहतो, आणि मुलीची पसंती बापाला हिशेबात धरावी लागते.

‘शारदा’ने जे कळवळून मागितले, ते या चित्रपटाने हसत गृहीत धरले. वाङ्मयेतिहासात ‘शारदा’ला मानाचे पान आहे, ‘लाखाची गोष्ट’ला निदान एक परिच्छेद तरी मिळावा.