फोटो एडिटिंगसाठी मोबाईल ॲप पुरेसं की फोटोशॉप शिकायलाच हवं? समजून घ्या सोप्या भाषेत

बीड शहरातल्या कुठल्याही चौकात उभे राहा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, अखंड हरिनाम सप्ताह, प्रथम पुण्यस्मरण... एक तरी फ्लेक्स दिसणारच. त्याचीच छोटी आवृत्ती तुमच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरही फिरत असते. पूर्वी हे काम फक्त डीटीपीवाल्याकडे व्हायचं. आता गावातला प्रत्येक दुसरा मुलगा मोबाईलवर बॅनर बनवतो.

आमच्या घरीही तसंच झालं. आजोबांच्या प्रथम पुण्यस्मरणाचा फ्लेक्स चुलत भावाने मोबाईल ॲपमध्ये बनवला. स्क्रीनवर तो छान दिसत होता. कीर्तनाच्या दिवशी दहा बाय पाच फुटांचा फ्लेक्स मंडपासमोर लागला, तेव्हा आजोबांचा चेहरा नुसता धुरकट चौकटींचा ठिपका झाला होता. आजीने जवळ जाऊन विचारलं, "हा कोणाचा फोटो लावलाय रे?"

"फोटोशॉपमध्ये केलं असतं तर असं झालं नसतं," असं त्या दिवशी सगळेच म्हणाले. पण खरंच तसं होतं का?

साधं आणि अवघड सॉफ्टवेअर म्हणजे नेमकं काय?

साध्या ॲपमध्ये बरेच निर्णय आधीच घेतलेले असतात. कॅनव्हात तयार साचे मिळतात, तुम्ही फक्त नाव आणि फोटो बदलता. गुगलचं स्नॅपसीड फोटोचा उजेड, रंग सुधारतं. पिक्सलॅब आणि पिक्सआर्टवर फोटोवर अक्षरं टाकता येतात. दहा मिनिटांत काम होतं.

फोटोशॉप, गिम्प यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये निर्णय तुम्ही घ्यायचे असतात. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी तयार केलेल्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली. गिम्प १९९६ पासून आहे आणि ते पूर्णपणे मोफत आहे.

यांचं खरं बळ तीन गोष्टींत आहे. पहिली, लेअर. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसं फोटो, नाव, पार्श्वभूमी सगळं वेगवेगळं राहतं. एक बदललं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. आता काही साध्या ॲपमध्येही लेअर असतात, पण इतकं नियंत्रण नसतं. दुसरी, मास्क. फोटोचा नको असलेला भाग न पुसता झाकता येतो, म्हणजे चूक झाली तरी मूळ फोटो शाबूत. तिसरी, छपाईसाठी लागणारं माप आणि रंग यांवरचा ताबा.

मग आमच्या फ्लेक्सचं काय चुकलं?

गणित साधं आहे. दहा फूट म्हणजे १२० इंच. फ्लेक्स लांबून पाहायचा असतो, म्हणून एका इंचाला ७२ पिक्सेल धरले तरी काम भागतं. म्हणजे पूर्ण फ्लेक्सची रुंदी सुमारे ८,६४० पिक्सेल हवी.

भावाने डिझाईन व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं होतं. असं पाठवताना व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलची उरते. १,६०० ला १२० ने भागा. एका इंचाला जेमतेम १३ पिक्सेल! त्यात आजोबांचा मूळ फोटोही ग्रुपवरून फिरून आलेला.

म्हणजे दोष फक्त ॲपचा नव्हता. तोच फोटो फोटोशॉपमध्ये टाकला असता तरी चेहरा धूसरच आला असता, कारण जे पिक्सेल नाहीत ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. एआय वापरून फोटो मोठा करणारी साधनं आहेत, पण ती हरवलेले तपशील अंदाजाने रंगवतात. चेहरा स्वच्छ होतो, पण तो तुमच्याच माणसाचा राहील याची खात्री नसते.

उपाय तीन होते: जुना छापील फोटो स्कॅन करून घेणं, डिझाईन सुरुवातीपासून योग्य मापात करणं आणि फाईल व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवणं. तिन्हींना पैसा जवळपास लागत नाही.

मराठी अक्षरं का तुटतात?

फोटोशॉप उघडून 'शिरूर कासार' किंवा 'आष्टी' टाईप करा. जुनी आवृत्ती किंवा चुकीची सेटिंग असेल, तर 'शि'ची वेलांटी पुढच्या 'रू'ला जाऊन चिकटते आणि 'ष्ट' हे जोडाक्षर फुटतं.

युनिकोड मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते. ती उचलून अक्षराच्या आधी दाखवणं हे सॉफ्टवेअरचं काम. इंग्रजीसारखं एकापुढे एक अक्षर मांडणाऱ्या सेटिंगला ते जमत नाही. नव्या फोटोशॉपमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडलं की अक्षरं जागेवर येतात. मोबाईल ॲप, कॅनव्हा आणि गिम्पमध्ये ही अडचण सहसा येत नाही.

बऱ्याच डीटीपी केंद्रांवर अजूनही श्री-लिपी, कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट चालतात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. त्यामुळे तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर तिथे थेट चिकटवता येत नाही. ऑपरेटर तो रूपांतरित करतो किंवा पुन्हा टाईप करतो, आणि नेमकी इथेच पाहुण्यांची नावं चुकतात. म्हणून छपाईआधी प्रूफ मागाच.

स्वतः डिझाईन करत असाल तर मुक्ता, बालू हे युनिकोड फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात.

कोणत्या कामाला काय वापरावं?

• भरतीच्या अर्जासाठी फोटो, सही ठराविक आकारात करणं: विंडोजमधलं पेंट किंवा मोबाईलवरचं साधं रिसाईज ॲप. याहून जास्त काही नको.

• स्टेटस, इन्स्टाग्राम पोस्ट, डिजिटल लग्नपत्रिका: कॅनव्हा किंवा तत्सम ॲप. मात्र पार्श्वभूमी काढणं, पारदर्शक फाईल डाउनलोड करणं अशा काही सोयी कॅनव्हात पैसे भरूनच मिळतात.

• जुना, फाटलेला फोटो दुरुस्त करणं, केस-कडा नीट कापणं: गिम्प किंवा फोटोशॉप. इथे मेहनत लागते.

• ग्राहकाने पीएसडी फाईल पाठवली, पण फोटोशॉप नाही: फोटोपी. हे ब्राउझरमध्येच चालतं आणि जाहिरातींसह मोफत आहे.

• लोगो किंवा खोक्यावरचं लेबल: इथे फोटो एडिटर नव्हे, व्हेक्टर सॉफ्टवेअर हवं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. समजा, धारूरच्या डोंगरातला एखादा बागायतदार स्वतःचा ब्रँड करतोय. त्याचा लोगो स्टिकरवरही लागेल आणि टेम्पोवरही. व्हेक्टर चित्र कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. त्यासाठी कोरलड्रॉ किंवा मोफत इंकस्केप वापरा.

शिकून कमवायचं असेल तर?

डीटीपी, फ्लेक्स किंवा फोटो स्टुडिओत काम करायचं असेल, तर फोटोशॉप आणि कोरलड्रॉ यायलाच हवं, कारण तिथल्या फायली त्यातच असतात. पण क्लासची फी आणि लॅपटॉपचा हप्ता सुरू करण्याआधी महिनाभर फोटोपी किंवा गिम्पवर हात बसवून बघा. लेअर, मास्क, सिलेक्शन या कल्पना सगळीकडे सारख्याच आहेत. इथे शिकलेलं वाया जात नाही.

लॅपटॉपचंही बघा. फोटोशॉपला किमान ८ जीबी रॅम लागते, १६ असेल तर बरं. शिवाय त्याचं शुल्क एकदा भरून संपत नाही, वर्गणी चालूच राहते.

आणि 'क्रॅक' टाकून देतो म्हणणाऱ्यापासून जपून. ते बेकायदा तर आहेच, पण अशा फायलींतून व्हायरस येतो. त्याच लॅपटॉपवर तुमचं नेटबँकिंग आणि ग्राहकांची आधार कार्डं असतील, तर वाचलेले पैसे फार महागात पडू शकतात.

ठरवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा

१. हे स्क्रीनवर दिसणार की छापलं जाणार? छापायचं असेल तर आधी दुकानदाराला माप विचारा.

२. हे काम एकदाच आहे की रोजचं? एकदाच असेल तर ॲप वापरा किंवा जाणकाराला पैसे द्या. रोजचं असेल तर शिका.

३. यात पुन्हा बदल करावा लागेल का? लागणार असेल तर लेअरसह मूळ फाईल जपून ठेवा. फक्त जेपीजी उरली की नाव बदलायलाही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आजोबांच्या दुसऱ्या पुण्यस्मरणाला आम्ही लग्नातल्या अल्बममधला फोटो स्कॅन केला. डिझाईन भावानेच केलं, अक्षरं त्याच मोबाईल ॲपमधली. फक्त माप आधी विचारलं आणि फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली. या वेळी आजीने काही विचारलं नाही. पदराने फ्लेक्सवरची धूळ तेवढी पुसली.