'रजनीगंधा' : थोड्या भांडवलाची प्रेमकथा

चित्रपटांचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा रौप्यमहोत्सवांची गणती होते. एखाद्या चित्रपटाला पैसा किती लागला आणि त्या पैशाने त्याचे रूप कसे घडविले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. १९७४ सालच्या 'रजनीगंधा' या हिंदी चित्रपटाकडे आम्ही या दृष्टीने पाहणार आहोत.

काळ ध्यानात घेतला पाहिजे. १९७३ साली 'बॉबी' आणि 'जंजीर' गाजले. १९७५ साली 'शोले' आणि 'दीवार' आले. नामांकित नट, भव्य देखावे व मारामाऱ्या यांवाचून चित्रपट चालत नाही, अशी वितरकांची ठाम समजूत असण्याचे ते दिवस. परंतु दुसरा एक प्रवाहही तेव्हा वाहू लागला होता. केंद्र सरकारने १९६० साली स्थापन केलेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर १९६९ साली मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' आणि बासू चटर्जी यांचा 'सारा आकाश' हे चित्रपट निघाले. थोड्या पैशांतही चित्रपट होतो, हे त्यांनी दाखविले. तो लोकांना हसवूही शकतो का, हे ठरायचे होते.

बासू चटर्जी हे मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकातील व्यंगचित्रकार. नेमक्या चार रेषांत माणूस उभा करण्याची सवय त्यांच्या हाताला होती. 'रजनीगंधा'साठी त्यांनी मन्नू भंडारी यांची 'यही सच है' ही कथा निवडली. निर्माते सुरेश जिंदल अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून आलेले. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. नायक अमोल पालेकर मराठी प्रायोगिक रंगभूमीवरचे, पोटासाठी बँकेत नोकरी करणारे. हिंदी पडद्यावर ते प्रथमच येत होते. विद्या सिन्हाही नवख्याच. पैसा थोडा म्हणून नावे मोठी नव्हती. आणि नावे मोठी नव्हती म्हणूनच प्रेक्षकाला पडद्यावर नट न दिसता शेजारचा माणूस दिसला.

गोष्ट साधी आहे. दिल्लीची दीपा संशोधन करते. तिचा संजय सदा उशिरा येतो, आला की कचेरीतील राजकारण आणि बढती यांवर बोलत बसतो. पण येताना रजनीगंधाची, म्हणजे आपल्या निशिगंधाची, फुले आणतो. प्राध्यापिकेच्या जागेच्या मुलाखतीसाठी ती मुंबईस जाते, तेथे तिचा पूर्वीचा प्रियकर नवीन भेटतो. तो वेळेवर येतो, तिच्यासाठी धावपळ करतो, आणि तिचे मन डळमळते. विनोद आहे तो या दोन स्वभावांच्या विरोधात. कोणी घसरून पडल्यावर येणाऱ्या हशात नव्हे.

मूळ कथा नायिकेच्या मनात घडते, आणि मन चित्रित करण्यास महाल लागत नाहीत. छायाचित्रकार के. के. महाजन यांना दिल्ली-मुंबईचे खरे रस्ते आणि राहत्या घरांसारख्या खोल्या पुरल्या. गाणी दोनच, सलील चौधरी यांच्या संगीताची. मुकेश यांचे गाणे पडद्यावर कोणी म्हणत नाही. मुंबईच्या टॅक्सीत दीपा नवीनशेजारी बसलेली असते आणि गाणे तिच्या मनातून वाहते. या गाण्यासाठी मुकेश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काटकसर आणि कला येथे वेगळ्या काढता येत नाहीत.

परंतु खरा प्रश्न याहून मोठा आहे. शिकलेल्या, कमावू पाहणाऱ्या स्त्रीला आपल्या मनाचा निश्चय नसण्याचा अधिकार आहे का? पडद्यावरील नायिकेने एकदाच प्रेम करावे, दुसऱ्याकडे मन वळले तर प्रायश्चित्त घ्यावे, अशी आपल्याकडची रूढी. दीपाला कोणी शिक्षा करीत नाही. ज्या क्षणी जे वाटते ते तिला त्या क्षणापुरते खरे वाटते, आणि चित्रपट ते सहानुभूतीने ऐकून घेतो. यावर आक्षेप निघू शकतो. नवीन शेवटपर्यंत मनातले बोलत नाही. त्याचे पत्र येते ते नोकरीचे. आणि संजय फुले घेऊन दारात उभा राहतो. मग निवड दीपाने केली, की एकाच्या मौनाने आणि दुसऱ्याच्या येण्याने ती होऊन गेली? आम्हांला हा आक्षेप खोटा वाटत नाही. मात्र पुष्कळांच्या आयुष्यातील निवडी अशाच होतात, आणि हे न लपविण्यात त्या चित्रपटाचा प्रामाणिकपणा आहे.

'रजनीगंधा'ला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. १९७६ साली पालेकरांनाच घेऊन बासूदांनी 'छोटी सी बात' आणि 'चितचोर' केले, पहिल्यामागे बी. आर. चोप्रा होते, दुसऱ्यामागे राजश्री. म्हणजे प्रस्थापित निर्मात्यांनी दोन वर्षांत ही वाट आपली म्हटली. पैसा मागाहून आला. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे प्रेमही पाहण्याजोगे असते, ही जाण मात्र त्याच्या आधी, आणि पुष्कळ स्वस्तात, आली होती.