मूत्रपिंडाचे रक्षण आणि औषधशुद्धी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

धरणगाव परिसरात पावसाळ्यात बांधांवर उगवणारी घेटुळी, म्हणजेच पुनर्नवा, आयुर्वेदात शोथावर पूर्वापार वापरली जाते. जेंटामायसिनमुळे मूत्रपिंडास इजा झालेल्या प्रयोगशाळेतील उंदरांवर अशा अँटिऑक्सिडंट वनस्पतींच्या अर्कांचे आशादायक परिणाम नोंदले गेले आहेत. तथापि औषधजन्य मूत्रपिंड-विकाराची आणखी एक बाजू महाराष्ट्राच्या इतिहासात आढळते.

१९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल या औद्योगिक द्रव्याची भेसळ होती. याच द्रव्याने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले व तेथे १९३८ मध्ये नवा औषध कायदा झाला. तरीही अर्धशतकानंतर मुंबईत ही पुनरावृत्ती टळली नाही. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने आपल्या अहवालात औषधखरेदीपासून शासकीय नियंत्रणापर्यंतच्या हलगर्जीपणावर बोट ठेवले.

जेंटामायसिनची इजा औषधाच्या अंगभूत गुणधर्मातून होते, जे. जे. रुग्णालयातील मृत्यू मात्र भेसळीतून झाले. पहिल्या बाबतीत वनस्पती उद्या साहाय्यक ठरू शकतील. दुसऱ्या बाबतीत औषधाची काटेकोर तपासणी हेच रक्षण होय. वनस्पतिजन्य अर्कांनाही हीच कसोटी लावणे आवश्यक आहे.