टिपणीचे इंग्रजी

केंद्र शासनाच्या सेवेत नव्याने रुजू होणारे मराठी माध्यमातील तरुण मला अनेकदा विचारतात, की कार्यालयीन इंग्रजी सुधारण्यासाठी काय वाचावे? त्यांची अपेक्षा भारदस्त शब्दांच्या एखाद्या जाड पुस्तकाची असते. मी सर अर्नेस्ट गॉवर्स यांचे नाव सुचवितो.

गॉवर्स हे ब्रिटनमधील ज्येष्ठ सनदी अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नागरी संरक्षणाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. ऑगस्ट १९४० मध्ये, देशावर आक्रमणाचे सावट असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी अहवाल थोडक्यात लिहा आणि पोकळ शब्दप्रयोग गाळा, असे टिपण काढले होते. युद्धानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. जुलै १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा व आरोग्यसेवा सुरू झाली आणि सरकारी पत्रे घरोघरी पोहोचू लागली. आपले अनुदान का नाकारले गेले, हे पत्र वाचूनही एखाद्या विधवेला उमगले नाही, तर त्या अनुदानाचा कायदा कितीही उदार असून उपयोग काय? अर्थखात्याच्या विनंतीवरून गॉवर्स यांनी त्याच वर्षी 'प्लेन वर्ड्स' ही पुस्तिका लिहिली. १९५४ मध्ये तिचे 'द कम्प्लीट प्लेन वर्ड्स' झाले. 'कमेन्स' नको, 'बिगिन' लिहा. 'टर्मिनेट' नको, 'एंड' लिहा, अशा धर्तीचा हा उपदेश. शब्दसंग्रह वाढवू पाहणाऱ्याला तो प्रथम उफराटाच वाटतो. परंतु नेमका शब्द निवडायचा, तर जवळचे चार शब्द ठाऊक असावेच लागतात.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा बाह्य खर्चाचा प्रश्न वाटतो. लिहिणाऱ्याचे पाच मिनिटांचे कष्ट वाचतात, भुर्दंड मात्र वाचणाऱ्यावर पडतो.

आपल्या नस्त्यांमध्ये 'डू द नीडफुल' अजून सुखेनैव नांदत आहे. त्याहून घातक तो कर्मणी प्रयोग. 'असे निदर्शनास आले आहे', पण कोणाच्या? निर्णय कोणी घेतला, हे त्या वाक्यात अलगद नाहीसे होते. (शासकीय मराठीनेही हा रोग हौसेने जडवून घेतला आहे.) २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंतर नस्तीवरील टिपणी नागरिकही मागून वाचू लागला. म्हणून नवोदितांच्या मसुद्यात मी 'इन द इव्हेंट ऑफ' खोडून 'इफ' लिहितो आणि कर्त्याचे पदनाम घालावयास सांगतो. पहिल्या दुरुस्तीवर कोणी हरकत घेत नाही. दुसरीवर मात्र बहुतेक जण वरिष्ठांना विचारून येतो म्हणतात.