जोडा, शाई आणि आग : बीडच्या निमित्ताने

२७ डिसेंबर १९०७ रोजी सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात मंडपातून एक जोडा व्यासपीठाकडे भिरकावला गेला. अध्यक्षपदी राशबिहारी घोष यांची निवड होऊ घातली होती. तिला हरकत घेण्यासाठी लोकमान्य टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे होते आणि खाली बसण्यास नकार देत होते. जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि तेथून उसळून फिरोजशहा मेहतांवर गेला. इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन तेथे हजर होता. त्याने त्या जोड्याचे बारकाईने वर्णन करून ठेवले असून तो मराठी घडणीचा असल्याची नोंद केली आहे. पुढच्या काही क्षणांत खुर्च्या आणि काठ्या चालल्या, अधिवेशन मोडले आणि काँग्रेस दुभंगली.

या प्रसंगात निषेधाची दोन रूपे एकाच मंडपात दिसतात. टिळकांनी आपला देह व्यासपीठावर रोवला होता. कोण्या अनामिकाने आपला जोडा दुसऱ्याच्या देहाकडे फेकला होता. दोन्ही कृती शारीरिकच होत्या. तरीही त्या एका जातीच्या आहेत असे आम्हांस वाटत नाही. न आवडणाऱ्या पुढाऱ्याविरुद्ध शारीरिक निषेध कधी समर्थनीय ठरतो काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा भरकटते ती हा भेद न केल्यामुळे.

हा प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा केला तो बीड जिल्ह्याने. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा भडका उडाला. माजलगावचे आमदार प्रकाश सोळंके यांच्या बंगल्यावर प्रथम दगड पडले, मग बंगला आणि आवारातील वाहने पेटवण्यात आली. सोळंके त्या वेळी घरातच होते. मनोज जरांगे यांच्या उपोषणासंबंधी त्यांचे हेटाळणीचे बोलणे असलेली एक ध्वनिफीत पसरली होती, हे त्याला निमित्त झाले. त्याच दिवशी माजलगाव नगरपरिषदेच्या इमारतीला आग लावण्यात आली. संध्याकाळी बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचे घर जळाले. माजी मंत्री जयदत्त क्षीरसागर यांची वास्तू आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे कार्यालयही जमावाच्या तडाख्यात सापडले. जिल्ह्यात संचारबंदी पुकारावी लागली. कोणाचे किती नुकसान झाले याचे पंचनामे झाले, अटका झाल्या. घटनेमागे कोण होते यावर आरोप-प्रत्यारोपही झाले. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमच्यापुढील प्रश्न असा, की हे सारे केवळ संतापलेल्या समाजाने केले असे क्षणभर धरून चालले, तरी ते निषेध या संज्ञेस पात्र ठरते काय?

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक धागा सापडतो. पुढाऱ्यांविरुद्धच्या शारीरिक कृतींसाठी मराठीत रूढ असलेले शब्द पाहावेत : तोंडाला काळे फासणे, जोडे मारणे, गाढवावरून धिंड काढणे, चपलांचा हार घालणे. हे सर्व शब्द शिक्षेचे आहेत. राजसत्ता किंवा जातपंचायत अपराध्याला जी अप्रतिष्ठेची शिक्षा देत असे, तिच्या कोशातून ते आले आहेत. मतभेद व्यक्त करण्याची कल्पनाच त्यांत नाही. काळे फासणारा माणूस आपले म्हणणे मांडत नसतो, तो निवाडा सुनावून त्याची अंमलबजावणी करून मोकळा होतो. फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा, तिन्ही पदे एकाच हाती येतात.

याच्या शेजारी दुसरे शब्दकुळ ठेवावे : धरणे, उपोषण, ठिय्या, मूक मोर्चा. यांतले धरणे तर फार जुने. मराठेशाहीच्या उत्तरकाळात वेतन थकले की शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली असलेल्या ब्रॉटन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पत्रांत या प्रथेची वर्णने आहेत. धरणे धरणारा उपाशी बसे आणि ज्याच्या दारात तो बसला त्यालाही जेवणे अवघड होई. म्हणजे दबाव पुरेपूर होता. तो शारीरिकही होता. मात्र पणाला लागलेला पहिला देह धरणेकऱ्याचा स्वतःचा असे. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी जे उपोषण केले ते याच कुळातले. अंतरवाली सराटीचे उपोषणही त्याच कुळातले आहे. ३० ऑक्टोबरला बीडमध्ये जे घडले ते दुसऱ्या कुळातले होय. एकाच आंदोलनाच्या नावाने हे दोन्ही घडावे, हीच त्या दिवसाची शोकांतिका.

शिक्षेचा हा मोह किती फसवा असतो, हे घाशीराम कोतवालाच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे. १७९१ साली पुण्यात घाशीरामाने तेलंगी ब्राह्मणांना कोंडून ठेवले आणि त्यांतले वीसांहून अधिक दगावले. खवळलेला जमाव सत्तेच्या दाराशी आला. घाशीराम त्याच्या स्वाधीन करण्यात आला आणि त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. कोतवाल जुलमी होता यात संशय नाही. पण त्याला कोतवाली दिली कोणी, आणि इतकी वर्षे पाठीशी घातले कोणी, हे प्रश्न त्या दगडांखाली गाडले गेले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ सालच्या नाटकाने नेमका हाच सांधा पकडला : जमावाला बळी मिळतो, बळी देणारा नाना सुखरूप राहतो. आम्ही वर्गात हे नाटक शिकवतो तेव्हा घाशीरामाच्या चढत्या पडत्या दैवावर बोलतो. त्याला मारणाऱ्या जमावाविषयी तितके बोलत नाही. वास्तविक नाटकाचा सर्वांत बोचरा भाग तो जमाव आहे, कारण आपण न्याय केला अशी त्याची खात्री असते.

अशी खात्री इतिहासात कोणाकोणाला होती, हे तपासून पाहणे उपयोगी ठरेल. सावित्रीबाई फुले शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण, चिखल, खडे टाकणाऱ्यांनाही आपला धर्म दुखावला गेल्याची खात्री होती. गोपाळ गणेश आगरकरांना जिवंतपणी आपली प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यातून निघालेली पाहावी लागली. ती काढणाऱ्यांनाही आपण समाजाच्या वतीने शासन करीत आहोत असेच वाटत होते. आता १० डिसेंबर २०२२ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये मंत्री चंद्रकांत पाटील यांच्या तोंडावर झालेली शाईफेक आठवावी. फुले, आंबेडकर आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शाळांसाठी भीक मागितली, असे विधान त्यांनी पैठणला केले होते. ते अनेकांना जिव्हारी लागले, आम्हांसही रुचले नव्हते. शाई फेकणाऱ्यांवर आरंभी थेट खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावण्यात आले, तो सत्तेचा अतिरेक होता. तरीही फुल्यांच्या सन्मानासाठी जे साधन हाती घ्यावयाचे ते फुले दांपत्यावर चाललेल्या साधनाच्या कुळातले असावे, ही विसंगती नजरेआड कशी करावी? साधन कोणाच्या हाती आहे यावर त्याचे मोल ठरवू लागलो, की शेण टाकणाऱ्याला नाकारण्याचा आपला आधारच सुटतो.

येथे एक भक्कम आक्षेप येईल आणि त्याला बगल देऊ नये. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे काय? १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आदींनी ते चालवले. गुंड, खबरे, पिळवणूक करणारे सावकार यांच्या तळपायांवर काठीचे तडाखे बसत आणि लोकांनी त्याला ‘पत्री सरकार’ असे नाव ठेवले. ही शारीरिक शिक्षाच होती, आणि महाराष्ट्र तिच्याकडे अभिमानाने पाहतो. आमचे म्हणणे असे, की प्रतिसरकारने शिक्षा जमावाच्या लहरीवर सोडली नव्हती. गावोगाव न्यायदानाची व्यवस्था उभी केली होती. शिवाय ज्या सत्तेविरुद्ध ते उभे होते ती मतपेटीतून बदलता येणारी नव्हती. सर्वांत महत्त्वाची साक्ष स्वतः नाना पाटलांचीच आहे. स्वातंत्र्यानंतर त्यांनी पत्री पुन्हा उगारली नाही, ते निवडणुकीला उभे राहिले. १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून ते लोकसभेवर गेले. ज्या बीडने २०२३ साली लोकप्रतिनिधींची घरे जळताना पाहिली, त्याच बीडने पत्री सरकारच्या नायकाला मते देऊन दिल्लीला धाडले होते. हा इतिहास बीडच्या तरुणांना कोणी सांगितला असेल काय, याची आम्हांस शंका आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा दाखलाही याच बाजूने पडतो. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली. दुसऱ्या दिवशी आणि पुढे गोळीबार झाले, शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. त्या बलिदानाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण दिल्लीचा निश्चय ढळण्यात १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला दिलेल्या दणक्याचा वाटा फार मोठा होता. उधळलेली सभा आठवणीत राहिली. राज्य आणण्यात भर पडली ती मतांची.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी हीच अट घातली होती. सनदशीर मार्ग मोकळे असताना असनदशीर मार्गांना समर्थन उरत नाही, त्यांतून अराजकच येते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. हे सांगणारा माणूस २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर उभा राहिलेला होता. पाणी प्यायल्यानंतर सत्याग्रहींवर काठ्या चालल्या, तेव्हा प्रतिहल्ला न करण्याचा आदेश त्यांनी दिला होता. त्यांचा संयम दुबळेपणाचा होता असे कोणी म्हणू शकणार नाही.

परंतु आंबेडकरांची अट दुधारी आहे, हे विसरता कामा नये. मार्ग खरोखर मोकळे असले पाहिजेत. धारूर किंवा केज तालुक्यातला ऊसतोड मजूर वर्षातले पाच-सहा महिने कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतो; त्याच्यासाठी आमदाराचे कार्यालय किती उघडे असते? १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत शांतपणे बसलेल्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्याबद्दल पुढे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांना क्षमा मागावी लागली. पहिला घाव देहावर शासनानेच घातला होता. २०१६ साली कोपर्डीच्या घटनेनंतर निघालेले लाखोंचे मूक मोर्चे, त्यांत बीडचाही, एक काचही न फोडता पार पडले. दोन वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, बीड जिल्ह्यातल्याच परळीत ठिय्या सुरू झाला तेव्हा ‘मूक’ जाऊन ‘ठोक’ हा शब्द आला होता. हा शब्दबदल आंदोलकांनी केला खरा, पण तो घडवला शांततेला उत्तर न देणाऱ्यांनी. शांत निषेधाची उपेक्षा करणाऱ्या सत्तेला दगडाविषयी नैतिक प्रवचन करण्याचा अधिकार थोडाच उरतो.

मग दगड क्षम्य ठरतो काय? आमच्या मते नाही, आणि त्याचे कारण पुढाऱ्याविषयीच्या कणवेत नाही. सत्तेवर फेकलेला दगड सत्तेवर पडतोच असे नाही, हे कारण. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. ठराव करणारे मुंबईत होते, राग सरकारवर असल्याचे सांगितले जात होते, आणि जळाल्या त्या मराठवाड्यातल्या दलित वस्त्या. माणसे मारली गेली. पुढाऱ्याभोवती पहारा असतो. वस्तीच्या टोकाच्या घराला तो नसतो. ३० ऑक्टोबरला बीडमध्येही ओबीसी चळवळीतील एका कार्यकर्त्याचे हॉटेल जळाले. आरक्षण देण्याचा वा नाकारण्याचा कोणता अधिकार त्याच्याकडे होता? आग सत्तेकडून जातीकडे सरकायला एक संध्याकाळही लागली नाही, आणि त्यानंतर जिल्ह्यात दोन समाजांत पडलेली तेढ अद्याप पुरती निवळलेली नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक प्रकार उरतो, तो गावबंदीचा. २०२३ च्या ऑक्टोबरात मराठवाड्यातल्या अनेक गावांनी वेशीवर फलक लावून पुढाऱ्यांना प्रवेश नाकारला. येथे कोणाला मार नाही, कशाला आग नाही. तरीही देहाने देहाला अडवणे आहे. वेशीवर हात जोडून उभे राहणारे गाव धरण्याच्या परंपरेत बसते. पण गावबंदीला वाळीत टाकण्याचा वारसाही आहे, आणि वेशीबाहेर कोणाला ठेवावयाचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्या खेड्यांनी पूर्वी कसा वापरला, हे सांगावयास नको. आमदाराची गाडी परतवणे आम्ही मान्य करू. विरोधी मताच्या गावकऱ्याला त्याच न्यायाने परतवू लागले, की ते मान्य करता येणार नाही.

पुढचे घडले ते कोणाही अभ्यासकाने ताडून पाहावे. जून २०२४ मध्ये बीडने अवघ्या ६,५५३ मतांनी पंकजा मुंडे यांना पराभूत करून बजरंग सोनवणे यांना लोकसभेवर धाडले. राज्यभर त्या निकालाचा अर्थ लावला गेला. ज्यांची घरे जळाली ते सोळंके आणि क्षीरसागर मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. मस्साजोगच्या सरपंचाची ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण हत्या झाली, तेव्हा २८ डिसेंबरला बीडच्या रस्त्यावर सर्वपक्षीय मोर्चा उतरला. आणखीही मोर्चे निघाले, तपासाचा रेटा वाढत गेला आणि मार्च २०२५ मध्ये धनंजय मुंडे यांना मंत्रिपद सोडावे लागले. हे एकट्या मोर्च्याने झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण मोर्च्यात कोणाचे घर जळाले नव्हते, म्हणून हत्येवरून लक्ष हटवण्याची सोय कोणाला मिळाली नाही, एवढे निश्चित.

तेव्हा आमचे उत्तर असे : शारीरिक निषेध अवश्य करावा, तो स्वतःचा देह पणाला लावून. धरणे धरावे, वाट अडवावी, उपाशी राहावे, तुरुंगात जावे. दुसऱ्याच्या देहाकडे किंवा घराकडे हात जाताच आपण निषेधाच्या कोशातून शिक्षेच्या कोशात गेलेलो असतो, आणि मतपेटी व न्यायालय उभे असेपर्यंत तो कोश कोणा जमावाच्या हाती देता येत नाही. हे उत्तर सत्ताधाऱ्यांना सोयीचे वाटू नये, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दारात धरणे धरून बसलेल्याला उत्तर देणे हे ज्याचे दार आहे त्याचे कर्तव्य होते, आणि आजही आहे. ते टाळणाऱ्याने पुढच्या आगीबद्दल आश्चर्य दाखवू नये.