प्रकाश : उपचार आणि आघात – 'ल्युपस'च्या इतिहासातील एक विसंगती

लॅटिन भाषेत 'लांडगा' असा अर्थ असलेल्या 'ल्युपस' या शब्दाने वैद्यकाच्या इतिहासात दोन भिन्न रोग एकत्र बांधले. त्यांपैकी 'ल्युपस व्हल्गॅरिस' म्हणजे त्वचेचा क्षय. तर 'ल्युपस एरिथेमॅटोसस' हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ कॅझनाव्ह यांनी १८५१ मध्ये रूढ केले. हा दुसरा रोग केवळ त्वचेपुरता मर्यादित नसून ताप, सांधेदुखी यांसह सर्व शरीर ग्रासू शकतो, हे व्हिएन्नाच्या कापोसी यांनी १८७२ मध्ये दाखविले.

कोपनहेगन येथील नील्स फिन्सेन यांनी केंद्रित प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार केले. त्याबद्दल त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक लाभले. मात्र एका ल्युपसला उपकारक ठरलेला प्रकाश दुसऱ्यास अपायकारक होता. अतिनील किरणांमुळे त्वचेतील पेशी मृत होतात, त्यांच्या केंद्रकातील घटक उघडे पडतात आणि त्यांविरुद्ध प्रतिपिंडे बाळगणारी प्रतिकारयंत्रणा उद्दीपित होते. परिणामी पुरळाबरोबरच सांधेदुखी व थकवाही उफाळू शकतो.

१९४८ मध्ये हारग्रेव्ह्ज व सहकाऱ्यांनी 'एल. ई. पेशी'चे वर्णन केल्याने निदानास प्रयोगशाळेचा आधार मिळाला. तरीही १९८२ च्या अमेरिकन निकषांत प्रकाशसंवेदनशीलतेला स्वतंत्र स्थान होते व त्यासाठी रुग्णाचे कथनही ग्राह्य होते. २०१९ च्या निकषांत ही स्वतंत्र बाब उरली नाही. परंतु असे निकष प्रामुख्याने संशोधनातील वर्गीकरणासाठी असतात. 'उन्हात गेले की आजार बळावतो', हे रुग्णाचे सांगणे चिकित्सकाने दुर्लक्षावे, असा त्याचा अर्थ नव्हे.