मेट्रनबाईंची दुपार

बदलापुरातल्या कुठल्याही सोसायटीत विचारा, एखादी सिस्टर राहतेच. कोणी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, कोणी थेट परळ-भायखळ्याला ड्युटीवर. मीही त्यातलीच, आता निवृत्त. पण परिचारिकेने कामाच्या जागेपासून लोकलने दीड तासावर राहावं, हे जुन्या मेट्रनला पटलंच नसतं.

परिचारिकेला रुग्णालयाने राहायला-जेवायला देण्याची ही जुनी रीत 1860ची. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात निघाली, तेव्हा शिकाऊ मुलींना वर्षाला 10 पौंड आणि वर राहणं, जेवण, चहा-साखर, कपड्यांची धुलाई मिळे. त्यात माया होती असं मला नाही वाटत. पेंगणारी, उपाशी बाई रोग्याच्या कामाची नाही, असा रोखठोक हिशेब होता. पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं, पुढे तिथल्या बायका ससूनमध्ये परिचारिकेचं काम शिकू लागल्या. त्यांत विधवा होत्या. एकभुक्त राहण्याची सक्ती ज्यांच्यावर झाली, त्यांनी रात्रपाळी कशी काढायची?

आरोग्यविषयक भोर समितीच्या 1946च्या अहवालानुसार देशात 43,000 माणसांमागे एक परिचारिका होती. तीनच वर्षांनी, 8 ऑगस्ट 1949ला, कल्याणच्या लष्करी छावणीतल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीचं उल्हासनगर झालं. त्या हिशेबाने लाखाच्या वस्तीला सव्वादोन परिचारिका!

परिचारिकांना होस्टेल लागायचं ते मुख्यतः स्प्लिट ड्युटीमुळे. सकाळी वॉर्ड, दुपारी काही तास मोकळे, संध्याकाळी परत वॉर्ड. लांब राहणारीला हे जमायचंच नाही. माझ्या उमेदवारीत मेट्रनबाई दुपारी खोल्यांवरून चक्कर मारत. गप्पांचा आवाज आला की दारावर थाप. रात्रपाळीआधी कोण जेवली नाही, हेही त्यांना बरोबर कळे. आम्हाला तो तुरुंग वाटायचा, आणि होताही. लग्न ठरलं की खोली सोडायची.

सरोजिनी वरदप्पन यांच्या परिचारिकांविषयीच्या उच्चाधिकार समितीने 1989 साली आठवड्याला 40 तास आणि सलग पाळीची शिफारस केली. ती रास्तच होती. सलग पाळीमुळे संसार आणि नोकरी दोन्ही करता येऊ लागलं, आणि कल्याणच्या पुढे अंबरनाथ-बदलापूरला परवडणारी घरं होती. मात्र आमची झोप आणि आमचं जेवण रुग्णालयाच्या खात्यातून निघालं ते आमच्या खात्यावर पडलं. सकाळच्या पाळीला परळ गाठायचं तर चारला उठून डबा करायचा, नाश्ता गाडीतच. अमेरिकेत अ‍ॅन रॉजर्स यांच्या 2004च्या अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत परिचारिकांच्या चुका होण्याची शक्यता तिपटीने वाढलेली दिसली. आमची पाळी आठ तासांची खरी, पण त्यात लोकल कोणी धरत नाही.

26 जुलै 2005ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, गाड्या थांबल्या. बदलीची सिस्टर येणार कशी? ड्युटीवरच्या आम्ही दोघी वॉर्डातच राहिलो. रात्री ठरवलं की इंजेक्शन भरताना एकीने लेबल मोठ्याने वाचायचं, दुसरीने केसपेपर बघून हो म्हणायचं. साठ्यातले बिस्किटांचे पुडे फोडले. पहाटे आळीपाळीने स्ट्रेचरवर थोडं पडलो. एकीचे डोळे वॉर्डावर असायचेच. सकाळी रिपोर्टबुकात प्रत्येक डोसची नोंद होती. झोपेची अर्थातच केली नाही, रात्रपाळीत झोपणं नियमात बसत नव्हतं.